तुळशीरामची नोकरी आणि नहरीतलं हिरवं पाणी

बीकरमधून चहा पाजायची कल्पना माझी होती.

कॉलेजात धड कप नव्हते आणि पाहुणे तर बोलावून बसलो होतो. आबकारीचे एक साहेब, पाण्याच्या खात्याचे एक, शेतकीचे एक आणि रेल्वेचे कोणीतरी, ते बहुधा चुकून आले होते. सायन्सच्या मुलांची आणि या मंडळींची ओळख व्हावी, ओळखीतून पुढंमागं कोणाची भाकर निघावी, एवढाच बेत. हॉटेलातून कप मागवले तर त्यांचे कान तुटलेले. मग मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. आत काचेची भांडी लखलखत होती. स्वतः घासली, धुतली, पुन्हा धुतली, ओळीनं मांडली. चहा त्यात असा काही देखणा दिसत होता की मीच माझ्यावर खूश झालो. कोणाला किती मिळाला तेही बाहेरच्या रेघांवरून कळत होतं.

आबकारीचे साहेब स्वतः केमिस्ट. त्यांनी बीकर उजेडाकडं धरलं आणि फार अदबीनं विचारलं, "मास्टरसाहब, कल इसमें क्या था?"

मी पडलो खरं बोलणारा. आठवायला लागलो. माझं आठवणं लांबत गेलं तसं एकेक बीकर गुपचूप टेबलावर परत आलं. फक्त पाण्याच्या खात्याचे साहेब निवांत बसून होते, कारण आबकारीचे विचारीपर्यंत त्यांचा चहा संपला होता.

माझ्या नोकरीची आठवण काढायची म्हटलं की मला आधी हेच आठवतं, त्याला माझा इलाज नाही. मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्रोफेसरसाहेब सांगतात, ते करून दाखवणारा माणूस. प्रयोग साधला तर तो शास्त्राचा, फसला तर डेमॉन्स्ट्रेटरचा. राज्य निजामाचं, शिक्षण उर्दूतून. मी चितेगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आईकडून मराठी घेऊन आलो आणि गंधकाचं तेजाब उर्दूतून शिकलो. अजूनही स्वप्नात प्रयोग करतो तो उर्दूतच करतो. फसला की मात्र मराठीत बोलतो.

त्या काळी औरंगाबादेत सायन्स शिकणं म्हणजे एक गोड धुकं होतं. पोरं आत शिरायची, पण पलीकडं काय आहे ते कोणालाच दिसत नसायचं. बापाला वाटायचं, पोरगा एक तर डॉक्टर होईल नाहीतर हात भाजून घेईल. होत दोन्ही नसे. ज्या हातांनी नळीत प्राणवायू तयार केला, तेच हात पुढं जन्मभर कुठल्यातरी दफ्तरात आवक-जावक लिहीत बसायचे. एक दिवस प्रिन्सिपलसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मुलांचं पुढचं तुम्ही बघा." पुढचं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी प्रयोगशाळेच्या दाराशी एक फळा टांगला आणि त्यावर लिहायला लागलो, कुठं जागा निघाली आहे, कुठं फुकट राबायला माणूस हवा आहे आणि कोणाला जाऊन एकदा सलाम केलेला बरा. पहिल्या सदरात बहुधा काही नसे. फुकट राबायचं सदर मात्र कधी रिकामं राहिलं नाही.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, हवा सुटली की आमची पोरांची पलटण आडाविहिरींत लाल औषध टाकायला निघायची. मुकुंदवाडीला एका बाईनं पोहऱ्यातलं गुलाबी पाणी बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या आडात कुकू कालिवलं व्हय रं, मुडद्यांनो?" मी तिला जंतू समजावून सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पोहरा माझ्यापुढं धरला. "मंग तू पी आधी." प्यालो. मग प्रत्येक आडाशी तीच रीत पडली. आधी मास्तर पिणार, मग गाव. त्या दिवसांत माझे दात तपकिरी झाले होते आणि घरी आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, माझ्याकडं बघून हसायचं बंद केलं होतं, म्हणजे उघड हसायचं.

फळ्यापाशी येणारी गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. नारायण नावाचा एक मुलगा यायचा आणि विचारायचा, "मास्टरसाब, आभाळाकडं बघायची नोकरी असती का कुठं?" मी हसण्यावारी न्यायचो. तो पुढच्या आठवड्यात परत हजर. शेवटी एका तहसिलीत पाऊस मोजायच्या भांड्यावर त्याला चिकटवला. मराठवाड्यातला पाऊस तो किती, पण भेटला की तो खुशीत सांगायचा, "पडत काहीच नाही, पण बघावं रोज लागतं." त्याच्याइतका मनासारख्या नोकरीला लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मग तुळशीराम.

तुळशीराम गवळ्याचा पोरगा. छावणीच्या अलीकडं त्यांचा गोठा. सकाळी साहेबलोकांच्या बंगल्यांवर दूध घालून तो तसाच कॉलेजात यायचा, त्यामुळं आमच्या प्रयोगशाळेला गंधकाच्या जोडीनं म्हशीचाही वास असे. हात मात्र सोन्याचा. ज्या प्रयोगात मी दोन नळ्या फोडायचो तो हा बोलता बोलता करायचा. दुधातलं पाणी दाखवणारी काचेची नळी त्यानं एकदा घरी नेली, तर त्याचे वडील, मारुतीअप्पा, साप बघावा तसे मागं सरले. "घरात दुश्मन आणलास का रं?" म्हणाले.

अप्पांचं ऐकण्यासारखं आहे. ज्या साहेबांच्या दारात मी मुलांसाठी टोपी सावरत ताटकळायचो, त्यांच्या थेट स्वयंपाकघरापर्यंत अप्पांची रोजची ये-जा. कोणत्या साहेबांची बदली होणार, कोणाच्या घरी कटकट आहे, सगळं त्यांना दुधाच्या मापावरून कळायचं. पण पोरासाठी शब्द टाकायचं नाव काढलं की मान हलवायचे. "दूध द्यायला गेलेला माणूस दूध देऊनच परत येतो, मास्तर." तेव्हा मग शब्द टाकायला मीच गेलो, त्या बीकरमधून चहा प्यालेल्या साहेबांकडं.

ते पाण्याच्या दफ्तराचे मोहतमीम, म्हणजे मुख्य. माणूस शांत, थोडा थकलेला. त्यांनी सरळ सांगितलं, एक जागा आहे, सायन्सवाला मुलगा चालेल, पण आधी काम दाखवा. एका मोहल्ल्याच्या हौदातल्या पाण्याला वास येतोय, लोकांना ओकाऱ्या होतायत, आणि घाण कुठून शिरते ते कोणाला सापडत नाही. सापडवलं तर जागा मुलाची.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. या शहराचं पाणी जमिनीखालून यायचं. डोंगराच्या पायथ्याशी झिरपलेलं पाणी जुन्या लोकांनी चरांतून आणि खापरी नळांतून गावात आणून सोडलेलं, त्याला नहर म्हणायचे. मध्येमध्ये दगडी मनोरे उभे. त्यांत पाणी वर चढतं, दम खातं आणि खाली उतरून पुढं जातं. वर बाजार, टांगे, भांडणं, लग्नं आणि पायाखाली हे अखंड चाललेलं. नहर नेमकी कुठून कशी जाते, हे सांगणारी माणसं मरून गेली होती. एका दुपारी उन्हं कलताना तुळशीराम आणि मी अशाच एका मनोऱ्याला कान लावून उभे होतो. दगड गार. आत कोणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखं पाणी.

तुळशीराम म्हणाला, "आमच्या म्हशी सांजंला बसल्या की असाच आवाज येतो, मास्टरसाब. रवंथाचा."

मी डोळे मिटले. खरंच, सगळं शहर एक मोठी म्हैस होऊन बसलंय आणि संथपणे रवंथ करतंय, असं वाटायला लागलं. रस्त्यानं जाणाऱ्या टांगेवाल्यानं आम्हाला दोघांना भिंतीला कान लावलेलं बघून घोडा थोडा लांबून नेला.

युक्ती तुळशीरामची. ज्या खड्ड्यावर संशय त्यात रंग सोडायचा, आणि हौदात तो उतरतो का ते बघायचं. आमच्या कपाटात एक परदेशी बाटली होती. आत तांबडी भुकटी. जिवाला अपाय नाही, पण चिमूटभर पाण्यात पडली की पाणी हिरवंगार होतं, आणि ऊन लागलं की आतून दिवा लावल्यासारखं उजळतं. नहरीच्या कडेला सांडपाण्याचे बरेच खड्डे होते. रोज एका खड्ड्यात थोडी भुकटी टाकायची, असं ठरलं.

"पहिला आमचा," तुळशीराम म्हणाला.

"तुमचाच का?"

"दुसऱ्याच्या दारात रंग घेऊन जायचं, तर आपल्या दारात आधी नको?"

सांजवेळी गोठ्यामागच्या खड्ड्याशी गेलो. अप्पा धार काढून हात पुसत आले. "काय टाकायलात मास्तर?"

"रंग आहे अप्पा."

"म्हशीला काय व्हायचं नाय ना?"

"नाही."

"मंग टाका."

इथं माझं गाव आडवं आलं. आमच्याकडं पंगतीत भात उरला तर चालतो, कमी पडला तर सात पिढ्या बोलतात. तुळशीराम म्हणत होता, "दोन चिमट्या बास." मी म्हटलं, कमी पडायला नको. थोडी आणखी टाकली. पाण्यावर हिरवे धागे पसरले, फार सुंदर दिसत होते. म्हटलं, अजून थोडी. तुळशीरामनं माझा हात धरला तेव्हा बाटलीत तळाला काहीच नव्हतं.

"मास्टरसाब, बाकीच्या खड्ड्यांना?"

मी बाटलीत डोकावून बघत राहिलो.

सकाळी मंडळींनी उठवलं. हातात पाण्याचा तांब्या. "अहो, हे बघा." तांब्यात हिरवं पाणी, खिडकीतून आलेल्या उन्हात झळाळणारं. मी म्हटलं, "अरेच्चा, हे काय?" तिनं तांब्या खाली ठेवला. "काय ते मला विचारू नका. आधी स्वतःचे हात बघा." बघितले. नखांपर्यंत पिवळे-हिरवे.

बाहेर पडलो आणि चालतच राहिलो. तशी सकाळ पुन्हा बघितली नाही. एका हौदात हिरवं पाणी, पुढच्या हौदात हिरवं पाणी. मनोऱ्याच्या कडेनं झिरपणारी धार हिरवी, आणि तिच्यावर ऊन पडलं की भिंतीवर हिरवी लहर हलायची. मशिदीच्या हौदाशी नमाजाआधी वजूला आलेली माणसं हात न बुडवताच उभी होती. एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "ख्वाजा खिज्र गुज़रे हैं यहाँ से." पाण्याचा वाली, हिरव्या वस्त्राचा पीर. ते म्हणाले तशी गर्दी आणखी शांत झाली. पलीकडच्या गल्लीत बायकांनी हौदाच्या कट्ट्याला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याच्या पुढच्या चौकात एक किराणावाला "ज़हर है, ज़हर है" म्हणून ओरडत होता आणि कोणी त्याचं ऐकत नव्हतं, कारण जहर इतकं देखणं असेल असं वाटत नव्हतं. मी हात खिशात घालून त्यातून चाललो होतो. शहर स्वप्नात होतं आणि ते स्वप्न मी काल संध्याकाळी बाटलीतून ओतलं होतं, हे सांगायचं धाडस होत नव्हतं. खरं सांगायचं तर मोडवतही नव्हतं.

पण त्या हिरव्या रंगाचा अर्थ कळायला शास्त्र लागत नव्हतं. वास एकाच मोहल्ल्याला येत होता. गोठ्याचं पाणी मात्र थोडंथोडं सगळ्यांच्याच पोटात जात होतं, माझ्याही. दोन चिमट्या टाकल्या असत्या तर एवढं कळलं नसतं. माझ्या चुकीचं एवढं कौतुक मी करून घेतो.

मोहतमीमसाहेबांच्या बागेतला हौदही हिरवा झाला होता. बोलावणं आलं. तोवर तुळशीराम कमरेला दोर बांधून नहरीत उतरून आला होता. एका झाडाची मुळी आत शिरून खापरी नळ फुटला होता, अगदी त्यांच्या खड्ड्याजवळ. फुटक्या नळाचा तुकडा घेऊन, माझी शेरवानी अंगात घालून तो साहेबांपुढं उभा राहिला. बाह्या बोटांच्या खाली आलेल्या.

साहेबांच्या पुढं चहाचा कप होता. बरं वाटलं, तो कपच होता. ते खुशीत होते. "शाबाश, बरखुरदार. आता कैफियत लिहून दे. गोठ्याचा खड्डा नहरीत उतरतो, एवढंच. संध्याकाळपर्यंत गोठा उठेल, उद्यापासून तू कामावर."

"गोठा आमचाच आहे, साहेब," तुळशीराम म्हणाला.

साहेब थबकले. मग म्हणाले, "मालूम है. म्हणून तर तुझ्या हातचं लिहिलेलं पाहिजे. कोणी बोलणार नाही."

"खड्डा आमचा, तो मी आजच बुजवतो. लांब दुसरा खणतो. पण नळ फुटलाय तो खात्याचा. दोन्ही लिहितो मी. आणि बाकीचे खड्डे बघायचे राहिलेत, तेही लिहितो."

"का राहिले?"

"रंग संपला, साहेब." कोणी संपवला, ते त्यानं सांगितलं नाही.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बेटा, सरकार का नल नहीं फूटता."

"फुटलाय, साहेब. मी हात घालून बघितला." त्यानं तो खापराचा तुकडा टेबलावर ठेवला. त्याच्यातून हिरवं पाणी निथळून साहेबांच्या कागदांकडं सरकायला लागलं.

मी मध्ये पडलो. जमेल तितक्या गोड उर्दूत म्हणालो की हुजूर, पोर लहान आहे, आज एक लिहील, दुसरं मागाहून लिहील. तुळशीरामनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पेपर गोळा करताना एखादा मुलगा 'अजून लिहितोय' म्हणून बघतो ना, तसं.

साहेबांनी कप उचलला, तोंडाशी नेला आणि तसाच थांबवला. "दूध तुमच्याकडचंच येतं ना आमच्याकडं?"

"जी."

साहेबांच्याही वर कोणीतरी होतं, आणि त्या वरच्यांकडं फुटक्या नळाचा कागद नेणं ही काही साधी गोष्ट नव्हती. तेवढं मला समजत होतं. शेवटी त्यांनी चहा पिऊन टाकला. "गोठा राहील. नळ दुरुस्त होईल. खड्डा तू आज बुजव. पण कागद होणार नाही. आणि कागद नाही तर..." कागद नाही म्हणजे काम झालंच नाही, आणि जे झालंच नाही त्याची नोकरी कशी देणार?

"ठीक आहे, साहेब," तुळशीराम म्हणाला आणि सलाम करून बाहेर आला.

फाटकाशी अप्पा सायकलला रिकाम्या बरण्या अडकवून उभे होते.

"लागली का?"

"नाय."

"गोठा?"

"राह्यला."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग त्याच्या हातांवरून लोंबणाऱ्या माझ्या बाह्यांकडं. "ती मास्तरची शेरवानी देऊन टाक. चल, धारा काढायच्या हायेत."

नळ दुरुस्त झाला. वास गेला. ती जागा पुढं एका मुलाला मिळाली, त्याचा पाण्याशी संबंध अंघोळीपुरता होता. तुळशीराम गोठ्यावर राहिला. नंतर कितीतरी वर्षं नहरीत कुठं काही बिघडलं की त्या दफ्तरातली माणसं सकाळी दूध घ्यायला आल्यासारखी गोठ्यावर यायची आणि तो कमरेला दोर बांधून त्यांच्याबरोबर जायचा. पगार नाही, हुद्दा नाही. मी एकदा विचारलं, कशाला जातोस? म्हणाला, "आत लई गार असतं, मास्टरसाब. आवाज तर काय सांगू." मला वाटतं, मनातल्या मनात तो शेवटपर्यंत त्या नोकरीवरच होता. फक्त दफ्तराला ते ठाऊक नव्हतं.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. शेरवानी खांद्यावर टाकून मी घरी आलो. मंडळी ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. नळ, खड्डा, साहेबांचा चहा. शेवटी म्हणालो, "इतका हुशार पोरगा, आणि मला त्याला एक नोकरी लावता आली नाही. लाज वाटते. हे कोणाला बोलू नकोस."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "नोकरी लागली असती तर गावभर सांगत फिरला असतात, माझा विद्यार्थी, माझा विद्यार्थी. व्हय का नाय?"

"व्हय."

"मंग आता का तोंड शिवलं? सांगण्यासारखं तर आता झालंय."